वसंतातली उपासमार

एप्रिल महिन्याचा पहिला आठवडा होता. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तेथे राहत असताना आम्ही घरामागच्या अंगणात मधमाश्यांच्या दोन पेट्या ठेवल्या होत्या. अंगणातला बर्फ वितळला होता, ओढ्याकाठच्या विलोच्या झाडांना पिवळे तुरे आले होते. दुपारी ऊन पडले की एका पेटीच्या दारात माश्यांची ये-जा दिसे. दुसऱ्या पेटीच्या दारात मात्र सामसूम होती. झाकण उघडून पाहिले, तर दोन-तीन पोळ्यांच्या फटींत नारळाएवढा मेलेल्या माश्यांचा गोळा होता. बहुतेक माश्यांनी रिकाम्या कप्प्यांत डोके खुपसलेले होते. गोळ्याच्या मध्यभागी झाकण लावलेले कोश होते. आणि तेथून जेमतेम चार बोटांवर, पलीकडच्या पोळ्यात, मेणाने बंद केलेला मध तसाच शिल्लक होता. ती चौकट उचलताना हाताला जड लागली.

या वसाहतीने उणे वीस अंशांच्या रात्री काढल्या होत्या. मग थंडी ओसरल्यावर, फुले उमलू लागल्यावर आणि मध हाताशी असताना ती उपाशी का मरावी? थंड प्रदेशात मधमाश्या पाळणाऱ्या नवख्या माणसाला हे कोडे बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्याच वर्षी पडते. ते सोडवताना उष्णता, अंकगणित आणि जीवशास्त्र हे तीनही विषय एकत्र येतात. म्हणूनच ते शिक्षकमित्रांपुढे ठेवावेसे वाटले.

सहा महिने कमाई, सहा महिने खर्च

इथाका सुमारे ४२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जानेवारीचे सरासरी तापमान गोठणबिंदूच्या खाली चार-पाच अंश असते. ऑक्टोबरात फुले संपतात, ती पुन्हा मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्ये दिसू लागतात. म्हणजे माश्यांना सहा महिने कमवायचे आणि पुढचे सहा महिने साठ्यावर काढायचे असतात.

तेथे पाळतात ती एपिस मेलिफेरा ही मधमाशी मूळची तेथली नव्हे. युरोपातून आलेल्या वसाहतकारांनी १६२२ साली ती व्हर्जिनियात आणली आणि नंतर ती खंडभर पसरली. ती चौकटींच्या पेटीत ठेवण्याची आजची पद्धत १८५१ साली फिलाडेल्फियात लँगस्ट्रॉथ यांना सुचली. दोन पोळ्यांमध्ये किंवा पोळे व भिंत यांमध्ये सहा ते नऊ मिलिमीटरची फट ठेवली, तर माश्या ती जा-ये करण्यासाठी मोकळी ठेवतात, मेणाने बुजवत नाहीत, हे त्यांनी हेरले. त्यामुळे पोळे न मोडता चौकट उचलून पाहणे शक्य झाले. वसाहतीची ‘तपासणी’ आपण करू शकतो ती या फटीमुळे.

थंड प्रदेशातील बहुतेक कीटक हिवाळ्यात निद्रिस्त होतात. गांधीलमाश्यांची तर सारी वसाहत शरद ऋतूत मरते आणि फक्त फळलेल्या राण्या एकेकट्या दडून राहतात. मधमाश्यांची रीत निराळी आहे. त्यांची सगळी वसाहत जागी राहते आणि घरात शेकोटी पेटती ठेवते. ही शेकोटी म्हणजे त्या स्वतःच.

एकवीस वॅटची शेकोटी

अमेरिकेच्या कृषिखात्यातील फिलिप्स व डेमुथ या संशोधकांनी पेटीत विद्युत तापमापक बसवून हिवाळ्यातील माश्यांचे तापमान मोजले आणि १९१४ साली ते प्रसिद्ध केले. पेटीतील हवा सुमारे १४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरली की माश्या एकमेकींना चिकटून गोळा करू लागतात, असे त्यांना आढळले. बाहेरच्या थरातील माश्या डोके आत करून दाटीने बसतात. त्यांच्या अंगावरच्या केसांमुळे हा थर गोधडीसारखे काम करतो. आतल्या माश्या पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतात आणि उष्णता निर्माण करतात. थंडी वाढली की गोळा आवळला जातो, कमी झाली की सैल होतो. पिल्ले नसताना गोळ्याच्या गाभ्यात सुमारे २० अंश आणि बाहेरच्या थरात सुमारे १० अंश तापमान राखले तरी भागते. त्याहून फार खाली गेल्यास माशी बधिर होऊन गळून पडते.

या शेकोटीला इंधन किती लागते? ऐन हिवाळ्यात एक वसाहत आठवड्याला सुमारे एक किलो मध खाते असे धरू. एक किलो मधात साधारण ३,००० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे १ कोटी २६ लाख ज्यूल ऊर्जा असते. एका आठवड्यात ६,०४,८०० सेकंद असतात. भागाकार केला की उत्तर येते २१ वॅट. बाहेर बर्फ पडत असताना हजारो माश्यांचे हे घर देवघरातल्या लहान बल्बाएवढ्या शक्तीवर चालते!

इंधन जळले की पाणी तयार होते. एक किलो मधात सुमारे ८०० ग्रॅम शर्करा आणि १८० ग्रॅम पाणी असते. शर्करेच्या ज्वलनातून सुमारे ४८० ग्रॅम पाणी बनते, म्हणजे किलोमागे एकूण ६६० ग्रॅम. हिवाळाभरात २५ किलो मध संपला, तर पेटीत साडेसोळा लिटर पाण्याची वाफ सुटते. ती वरच्या थंड झाकणावर थिजून माश्यांवर ठिबकू लागली, तर कोरड्या थंडीत तग धरणाऱ्या माश्या ओलीने मरतात. म्हणून तेथील जाणते लोक पेटीच्या वरच्या बाजूस लहानसे भोक ठेवतात आणि झाकणाखाली ओल शोषणारा थर देतात.

वसंत येण्याआधीची पैज

इथपर्यंत सारे सुरळीत आहे. गुंतागुंत पुढे आहे. अंडी, अळी आणि कोश या अवस्थांतील भावी माश्यांना सोयीसाठी आपण ‘पिल्ले’ म्हणू. शरद ऋतूच्या अखेरीस राणी अंडी घालणे थांबवते. पण २१ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागतो आणि पुढच्या काही आठवड्यांत, बाहेर सर्वत्र बर्फ असतानाच, ती पुन्हा थोडी थोडी अंडी घालू लागते.

पिल्ले आली की शेकोटीचे गणित बदलते. आता गाभ्यात २० अंश चालत नाहीत. ३३ ते ३६ अंश सतत राखावे लागतात, नाहीतर पिल्ले मरतात किंवा अधू निपजतात. मधाचा खर्च बराच वाढतो. शिवाय अळ्यांना प्रथिने लागतात. फुले नसतात तेव्हा दाया-माश्या ती पोळ्यातील परागाच्या साठ्यातून आणि आपल्या शरीरातील साठ्यातून देतात. म्हणजे त्या पिल्लांना अक्षरशः अंगावर वाढवतात.

मग फुले येईपर्यंत थांबून, नंतर पिल्ले का वाढवू नयेत? कारण अंड्यापासून कामकरी माशी बाहेर पडायला २१ दिवस लागतात. त्यानंतरही पहिले दोन-तीन आठवडे ती घरातली कामे करते आणि मग मकरंद आणायला बाहेर पडते. मे महिन्यात सफरचंद फुलेल तेव्हा मकरंद वाहणाऱ्या माश्या हव्या असतील, तर त्यांची अंडी मार्चमध्येच पडायला हवीत.

कॉर्नेल विद्यापीठातील टॉमस सीली यांनी इथाकाजवळच्या रानात झाडांच्या ढोलींत राहणाऱ्या वसाहतींचा पाठपुरावा केला. त्यांना असे दिसले, की नव्याने स्थापन झालेल्या वसाहतींपैकी सुमारे एक चतुर्थांशच पहिला हिवाळा पार करतात. जुन्या, स्थिरावलेल्या वसाहतींत मात्र हे प्रमाण चार पंचमांशांच्या आसपास असते. नव्या वसाहतीला उन्हाळ्याच्या चार महिन्यांत पोळी बांधून वीसेक किलो मध साठवायचा असतो. १९८५ साली सीली व व्हिशर यांनी प्रयोगांनी दाखवले, की पिल्ले वाढवणे मुद्दाम लांबवले तर वसाहत मागे पडते आणि उशिरा निघालेला थवा लवकर निघालेल्या थव्यापेक्षा हिवाळ्यात टिकण्याची शक्यता कमी असते. तेव्हा लवकर सुरुवात करण्यात धोका आहे आणि उशीर करण्यातही धोका आहे. वसाहत पहिला धोका पत्करते. वसंत येणारच, या हिशेबावर ती साठा खर्चायला काढते.

आपल्याकडे जुन्या काळी आषाढ-श्रावणात कणगीतले धान्य तळाला जाई, पीक शेतात हिरवेगार उभे असे आणि घरात मात्र ओढाताण असे. पेरणीत बी गेलेले, मेहनतीची तोंडे वाढलेली आणि सुगी अजून लांब. मधमाश्यांचा मार्च-एप्रिल म्हणजे हाच आषाढ-श्रावण.

माश्यांचा जमाखर्च

धोका फक्त मधाचा नाही, मनुष्यबळाचाही आहे. उन्हाळ्यातली कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते. शरद ऋतूत जन्मलेली ‘हिवाळी’ माशी मात्र चार ते सहा महिने जगू शकते, कारण तिच्या शरीरात प्रथिने व चरबी यांचा मोठा साठा असतो. वसंतात या म्हाताऱ्या माश्या भराभर संपतात आणि नव्या त्यांची जागा घेतात. या बदलीत खंड पडला तर वसाहत कोसळते. एक काल्पनिक पण वास्तवाशी सुसंगत उदाहरण घेऊ.

समजा १ मार्चला वसाहतीत १२,००० हिवाळी माश्या आहेत आणि रोज २०० मरतात. राणी मार्चभर रोज १०० आणि एप्रिलमध्ये रोज ३०० अंडी घालते. पहिली नवी माशी २१ दिवसांनी, म्हणजे २२ मार्चला बाहेर येईल. तोपर्यंत ४,२०० माश्या मेल्या आणि ७,८०० उरल्या. पुढे २२ एप्रिलपर्यंत रोज १०० नव्या आणि २०० कमी, म्हणजे रोज १०० ची घट. २२ एप्रिलला संख्या उरते ४,७००. त्या दिवसापासून रोज ३०० नव्या येऊ लागतात आणि आकडा चढू लागतो. लक्षात घ्या, वसाहत सर्वांत लहान केव्हा आहे? जानेवारीच्या बर्फात नव्हे, तर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, डँडेलियनची पिवळी फुले हिरवळीत दिसू लागतात तेव्हा!

आता दुसरी वसाहत घ्या. तिच्यातही १ मार्चला १२,००० माश्याच आहेत, राणीही तेवढीच अंडी घालते. पण या माश्या शरद ऋतूत अशक्त जन्मल्या, म्हणून रोज ३०० मरतात. ४० दिवसांत, म्हणजे १० एप्रिलला, सगळ्या जुन्या माश्या संपल्या. नव्या आल्या १९ दिवसांत जेमतेम १,९००. त्याच दिवशी पहिल्या वसाहतीत ५,९०० माश्या आहेत. दोन्ही पेट्या १ मार्चला सारख्याच दिसत होत्या.

यात भूमितीही आड येते. गोळ्यातील माश्यांची संख्या त्याच्या घनफळावर, तर उष्णतेची गळती पृष्ठफळावर अवलंबून असते. गोळा लहान झाला की प्रत्येक माशीच्या वाट्याला येणारे पृष्ठफळ वाढते. १,९०० माश्यांच्या गोळ्यात ते ५,९०० माश्यांच्या गोळ्याच्या जवळजवळ दीडपट असते. म्हणजे आधीच हात कमी आणि प्रत्येकीला काम दीडपट.

आता सुरुवातीचे कोडे सुटते. उबदार दिवशी राणीने अंडी घातली, पिल्ले वाढू लागली आणि मग तीन-चार दिवसांची थंडीची लाट आली. तेथे एप्रिलमध्येही बर्फ पडतो. मोठी वसाहत गोळ्याचा पसारा मधापर्यंत ठेवू शकते. लहान वसाहतीला पिल्ले झाकायची, तर गोळा आवळावा लागतो. पिल्ले सोडून माश्या हलत नाहीत. आणि गोळ्याबाहेर पडून चार बोटांचे थंड पोळे ओलांडू गेलेली माशी बधिर होते. गोळ्याखालचा मध संपतो, शेकोटी विझते. शेजारचा मध सीलबंद राहतो.

पाळणाऱ्याने काय करावे?

पहिले काम वजनाचे. पेटी न उघडता साठा कळायला हवा. त्यासाठी ताणकाटा पुरतो. पेटीच्या तळफळीची एक बाजू काट्याने किंचित उचलून वाचन घ्यावे, मग दुसरी बाजू तशीच उचलावी. दोन वाचनांची बेरीज म्हणजे पेटीचे वजन. आत मध एका बाजूला अधिक असला तरी ही बेरीज चुकत नाही. तरफेच्या नियमाने हे का, हे नववी-दहावीच्या मुलांनी कागदावर मांडून पाहावे. रिकाम्या पेटीचे वजन आधी लिहून ठेवले म्हणजे आतील साठ्याचा अंदाज येतो. दर पंधरवड्याला वजन करून आलेख काढला, तर फेब्रुवारीनंतर त्याचा उतार वाढलेला दिसतो.

पण वजन पुरेसे नाही, हे आमच्या मेलेल्या पेटीने शिकवले. तिचे वजन कमी नव्हतेच. मध आहे की नाही याबरोबर तो कोठे आहे, हेही पाहावे लागते. म्हणून मार्चमध्ये पारा दहा-बारा अंशांवर गेलेल्या, वारा नसलेल्या दुपारी झाकण क्षणभर उचलून वरून पाहावे. माश्या अगदी झाकणाशी आल्या असतील, तर त्यांच्या डोक्यावर मध उरलेला नाही असे समजावे. अशा वेळी कडेची मधाची चौकट उचलून गोळ्याला लावून ठेवावी. गच्च भरलेल्या मोठ्या चौकटीत अडीच ते तीन किलो मध असतो. १ एप्रिलला अशा दोन-तीन चौकटी गोळ्यालगत असाव्यात, असा नियम आम्ही नंतर स्वतःला घालून घेतला. चौकटी बाहेर काढून सविस्तर तपासणी मात्र १५ अंशांच्या वर दिवस गेल्याशिवाय करू नये. उघडलेली पिल्ले गारठतात आणि घालवलेली ऊब परत मिळवायला माश्यांना पुन्हा मध जाळावा लागतो. चौकटींचा क्रम मोडून पिल्लांची जागा दुभंगू नये.

मध नसेलच तर साखर. हवा दहा अंशांखाली असताना पाक उपयोगी नाही. थंड पाक माश्या घेत नाहीत आणि ओल वाढते. तेव्हा कोरडी पांढरी साखर किंवा साखरेची घट्ट वडी थेट गोळ्यावर, चौकटींच्या माथ्यावर ठेवावी. माश्या रोज बाहेर पडू लागल्या की एक भाग साखर, एक भाग पाणी असा पातळ पाक द्यावा. आपल्या वाचकांना गूळ सुचेल. तो देऊ नये. मधमाशी घरात मलविसर्जन करत नाही. हिवाळ्यात ती आठवडेच्या आठवडे मळ पोटात धरून ठेवते आणि उबदार दिवस मिळताच बाहेर उडून पोट मोकळे करते. बर्फावर पिवळे ठिपके दिसतात ते त्याचे. (शेजाऱ्यांना दोरीवरचे कपडे त्या दिवशी आत घ्यायला सांगावे, एवढी शेजारधर्माची खबरदारी घ्यावी.) गुळातील न पचणारे घटक आतड्यात साठून कोंडलेल्या माश्यांना हगवण लागते. अनोळखी ठिकाणचा मधही देऊ नये, कारण त्यातून फाउलब्रूड या घातक रोगाचे बीजाणू येऊ शकतात आणि ते दशकानुदशके जिवंत राहतात.

पाण्याचीही सोय हवी. घट्ट मध पिल्लांना भरवण्यापूर्वी दाया तो पातळ करतात, म्हणून वसंतात माश्या पाणी आणू लागतात. पेटीजवळ उन्हात उथळ ताटली ठेवून तीत खडे घालावेत, म्हणजे त्या बुडत नाहीत आणि लांब थंडीत जात नाहीत.

परागाची काळजी बहुधा निसर्गच घेतो. सर्वांत आधी दलदलीत स्कंक कॅबेज फुलते. हे सुरणाच्या कुळातले झुडूप. त्याचा फुलोरा स्वतः उष्णता निर्माण करतो आणि बर्फ वितळवून वर येतो. मग मेपल, विलो, डँडेलियन आणि मे महिन्यात सफरचंद. पेटीच्या दारात बसून माश्यांच्या पायांवरच्या परागगोळ्यांचे रंग टिपणे हा मुलांचा आवडता उद्योग होऊ शकतो. पराग आत जातो आहे, याचा अर्थ आत बहुधा राणी अंडी घालत आहे.

एप्रिलचा निकाल ऑगस्टमध्ये

आता एक प्रश्न उरतो. दुसऱ्या वसाहतीच्या हिवाळी माश्या अशक्त का जन्मल्या? थंड प्रदेशांत आज याचे एक प्रमुख कारण म्हणजे गोचिडीच्या नात्यातला, मोहरीहून लहान, तांबूस वरोआ माइट. हा मुळात आशियातील एपिस सेराना या जातीवरचा परजीवी. आपल्या सह्याद्रीतील सातेरी मधमाशी ती हीच जात. सातेरीवर तो मुख्यतः नर-पिल्लांच्या कप्प्यांतच वाढतो आणि माश्या त्याला अंगावरून काढूनही टाकतात. म्हणून दोघांचे जुने सहजीवन टिकून आहे. माणसाने मेलिफेरा माश्या आशियात आणल्या, तेव्हा वरोआ त्यांच्यावर चढला. १९८७ मध्ये तो अमेरिकेत आढळला. मेलिफेराच्या कामकरी पिल्लांतही तो वाढतो, त्यांच्या शरीरातील चरबीचा साठा खातो आणि पंख वाकडे करणारा विषाणू पसरवतो.

माइटची संख्या ऑगस्ट-सप्टेंबरात शिगेला पोचते. नेमक्या त्याच वेळी हिवाळी माश्या वाढत असतात. ज्या चरबीवर त्यांनी सहा महिने काढायचे, तीच जन्मण्याआधी कमी होते. अशी माशी हिवाळा कसाबसा काढते, पण मार्चमध्ये मरते. म्हणून ऑगस्टमध्ये अर्धा कप, म्हणजे सुमारे ३०० माश्या पिठीसाखरेत घोळवून जाळीतून माइट पाडून मोजतात. शंभर माश्यांमागे दोन-तीनहून अधिक निघाले, तर फॉर्मिक आम्ल किंवा थायमॉलचा उपचार करतात. आमच्या दोन पेट्यांपैकी एकीचे माइट आम्ही मोजले होते. दुसरी ‘चांगली दिसते’ म्हणून मोजायचे राहून गेले. ती कोणती, हे वाचकांनी ओळखले असेलच. कारण आणि परिणाम यांच्यात आठ महिन्यांचे अंतर असले, की दोष आपण शेवटच्या थंडीच्या लाटेला देऊन मोकळे होतो.

पेटी मेलेली आढळली तर तिचे दार आधी बंद करावे. नाहीतर शेजारच्या पेटीतील माश्या उरलेला मध लुटायला जातात आणि सोबत रोगही नेतात. मग कारण शोधावे: कप्प्यांत खुपसलेली डोकी, ओल, विष्ठेचे डाग, तळावर पडलेले माइट.

तरलेल्या वसाहतीची अडचण

जी वसाहत तरते तिच्यापुढे महिन्याभरात उलटीच अडचण येते. मे महिन्यात राणी दिवसाला पंधराशेपर्यंत अंडी घालू शकते. पेटी भरून जाते आणि वसाहत फुटायची तयारी करते. राणीचे कप्पे बांधले जातात. राणी अंड्यापासून १६ दिवसांत तयार होते. पण तिचा कप्पा आठव्या-नवव्या दिवशी बंद होतो आणि त्याच सुमारास जुनी राणी निम्म्याहून अधिक माश्या घेऊन बाहेर पडते. म्हणून मे-जूनमध्ये दर आठवड्याला पाहणी करावी, वर नवा मजला चढवून जागा द्यावी, आणि कप्पे दिसलेच तर स्वतःच वसाहतीचे दोन भाग करावेत. मेलेल्या पेटीची जागा भरून काढण्याची हीच संधी. आमची रिकामी पेटी त्याच वर्षी मेअखेर अशी भरली.

आपल्याकडे बर्फाचा हिवाळा नाही, पण सह्याद्रीतील सातेरीच्या पेट्यांना पावसाळ्याचे चार महिने असेच घरकोंडीचे जातात. तेथेही साखरेचा पाक देऊन त्या जगवाव्या लागतात. ‘आता पाऊस उघडेल’ म्हणून हात आखडता घेणे तेथेही महागात पडते.

वर्गात एवढे करून पाहता येईल. एक लिटरच्या आणि पाव लिटरच्या सारख्या आकाराच्या दोन बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरून दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवावे. लहान गोळा का गारठतो ते कळेल. वर दिलेला जमाखर्च वहीत मांडून रोजच्या मृत्यूंचा आकडा २०० ऐवजी २५० धरावा आणि काय होते ते पाहावे. दप्तराचे वजन दोन टोके आळीपाळीने उचलून काढावे.

पुढच्या वर्षी आम्ही दोन्ही पेट्यांचे माइट मोजले, दर पंधरवड्याला वजने घेतली आणि १२ मार्चच्या उबदार दुपारी एका पेटीतील मधाची चौकट दोन जागा आत सरकवली. कामाला मिनिटभरही लागले नाही. त्यानंतर आठवडाभर बर्फ पडला. एप्रिलमध्ये दोन्ही दारांतून पिवळा पराग आत जाताना दिसत होता.